जुई वळली

जुई भोंग्याखाली झोपायची.

आमच्या पालवण्याच्या मैदानावर भातकापणी उरकली की सामने सुरू होतात आणि आंबा उतरायला लागला की बंद होतात. त्या दिवसांत माझं ऑफिस म्हणजे सीमारेषेबाहेरचा मांडव. मांडवात एक टेबल, टेबलावर सामना लाइव्ह दाखवायचं सगळं सामान आणि टेबलाखाली जुईची टोपली. मांडवाच्या खांबालाच समालोचनाचे भोंगे बांधलेले. चौकार गेला की गाणं, षटकार गेला की फटाके. त्यात आमचा समालोचक बाबी शिवलकर. त्याचा आवाज भोंगा नसतानाही खाडीपलीकडे जाईल असा. या सगळ्या गदारोळात सहा महिन्यांची जुई मूठ गालाखाली घेऊन गाढ झोपलेली.

"वहिनी, पोरगी क्रिकेटसाठीच जन्माला आलीय तुझी," कल्पेश म्हणायचा. कल्पेश माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ, आमच्या संघाचा सीमारेषेवरचा हुकमी माणूस. चेंडू हवेत त्याच्या दिशेने गेला की बाबी शिवलकर भोंग्यावरून फलंदाजाला आधीच निरोप देऊन टाकायचा. "आमच्याकडे ताट पडलं तरी पोर घर डोक्यावर घेतं. आणि हिला बघ, राणीसारखी!"

मलाही कौतुक वाटायचं. आईला काम करू देणारं पोर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

मग एका सामन्यात कुणीतरी फटाक्यांची माळ मांडवाच्या अगदी पाठीमागे लावली. मी एवढी दचकले की हातातला चहा टेबलभर सांडला. बाबी शिवलकर शिवी तोंडावर येता येता थांबला, कारण माइक चालू होता. जुई जागी होती. टोपलीत उताणी पडून ती स्वतःच्या पायाचा अंगठा बघत होती. माळ तडतडत संपली, धूर मांडवात शिरला, तोवर ती अंगठाच बघत होती.

मी चहा पुसला. पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले.

माझा नवरा, प्रणित, मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. जुई आठवड्याची असताना तो गेला. रोज संध्याकाळी, त्याची पाळी संपली की, मी हॉलमध्ये चटईवर जुईला बसवायची, मागे उशी लावायची, समोर फोन उभा करायची आणि प्रणित तिकडून तिला बघत जेवायचा. आतल्या खोलीत माझ्या सासूबाई तेच टीव्हीवर बघत. हॉलमध्ये येऊन बसायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण टीव्हीवर जुई मोठी दिसते, चष्मा लागत नाही आणि कोपऱ्यात लेकाचा चेहराही दिसतो, म्हणून त्या आत. भिंतीपलीकडची नात त्यांना कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या सर्व्हरवरून फिरून दिसायची. हे असं आमच्याकडे घरोघरी आहे. वाडीतलं लग्नसुद्धा शेजारची बाई आपल्या पडवीत बसून बघते आणि जेवायला तेवढी मांडवात येते.

त्या संध्याकाळी मी जुईच्या मागे बसले. स्टीलची वाटी घेतली, चमचा घेतला.

"प्रणित, नीट बघ हां. मी वाजवते."

मी वाजवली. मला मागून फक्त तिच्या डोक्यावरचा भोवरा दिसत होता. भोवरा हलला नाही.

"वळली!" फोनमधून प्रणित म्हणाला.

"वळली की गो!" आतून आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या.

"कुठे वळली? मी मागेच बसलेय."

"समू, मी समोरून बघतोय. डावीकडे वळली, डोळे मोठे केले. तुला मागून काय दिसणार?"

ते खरंच होतं. मला मागून काय दिसणार? मी परत वाजवली. परत दोघं एकदम म्हणाले, "वळली." रात्रीचा भात लावताना मी झालेल्या कॉलचं सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग काढून पाहिलं. वाटी वाजते, जुई मान वळवते, डोळे मोठे करते, किंचित हसतेसुद्धा. माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

"समू," आई जेवताना म्हणाल्या, "झोप नाय गो तुला. पहिल्या पोराच्या वेळी असाच होतो. माझा हा प्रणित बोलायला लागला नाय म्हणून मी गुरवाकडे जाऊन आले होते. आता बघ, गप्प करावा लागतो."

तरी मी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. दाखवलं म्हणजे फोनवरून. साध्या तक्रारीसाठी चिपळूणला कोण जातं आता? डॉक्टर भला माणूस. त्यांनी मला जुईच्या मागे उभं केलं, टाळी वाजवायला सांगितली, मग खुळखुळा, मग कागद चुरगळायला. "छान वळतेय," ते म्हणाले. "जन्मल्यावर कानांची तपासणी झाली होती ना?"

झाली नव्हती. त्या दिवशी यंत्र बंद होतं, महिन्याने या म्हणाले होते. पण मधेच बारसं झालं. माझ्या नणंदेने जुईच्या कानात कुर्र केलं तेव्हा जुई दचकली, हे जहाजावरून प्रणितने पाहिलं, मुंबईहून माझ्या आईने पाहिलं, आखातातल्या आमच्या सगळ्या मयेकर भावकीने पाहिलं. मग परत कशाला जायचं?

"पुढच्या लसीला याल तेव्हा करून घेऊ," डॉक्टर म्हणाले. "घाई नाही."

मी स्वतःला समजावलं की माझीच नजर कमी पडते.

आता हे कॉल आणि माझे सामने ज्यावरून दिसतात त्या 'अखंड'बद्दल सांगायला हवं, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं आणि तरीही मी त्याचा कधी नीट विचार केला नव्हता.

माझ्या लहानपणी व्हिडिओ अडकायचा. पडद्यावर एक चक्र गरगरत राहायचं आणि ऐन वेळी बघणारे शिव्या द्यायचे. कारण तेव्हा चित्र पाठवावं लागायचं. सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं, प्रत्येकात आधीच्यापेक्षा काय बदललं ते. त्याला नेटची रुंद वाट लागते. 'अखंड' चित्र पाठवतच नाही. ते फक्त काही खुणा पाठवतं: डोळे कुठे, खांदा कुठे, चेंडू कुठे. मूठभर आकडे. पलीकडे सर्व्हरवर तुमच्या चेहऱ्याचा, घराचा, मैदानाचा ठसा आधीच शिकून ठेवलेला असतो. आकडे आले की त्या ठशावरून चित्र तिथल्या तिथे काढलं जातं. गणेशोत्सवात मूर्तिकार नुसतं माप घेऊन मूर्ती घडवतो, तसंच काहीसं. म्हणून समुद्राच्या मध्यावर, जहाजाच्या यंत्रांना पुरून उरलेल्या नेटवरही प्रणितला त्याची लेक स्वच्छ दिसते.

पण आकडेही आले नाहीत तर? तर सर्व्हर थांबत नाही. त्याने अशी करोडो दृश्यं पाहिलेली असतात. आवाजाला वाट फार लागत नाही, त्यामुळे आवाज सहसा पोचतो. सर्व्हर तो आवाज ऐकतो, मागची काही क्षणांची हालचाल बघतो आणि पुढे बहुतेक वेळा जे होतं ते काढून दाखवतो. खरे आकडे परत यायला लागले की हलकेच त्यांना येऊन मिळतो. सांधा दिसत नाही. आधी ही सोय डोळ्याचं पातं लवेल एवढ्याच खंडासाठी होती. मग लोकांना सवय झाली, यंत्र हुशार झालं आणि खंड वाढत गेले. अंदाजाचं चित्र चालू असताना कोपऱ्यात एक करडा ठिपका यायचा. तो नजरेला खुपतो म्हणून बहुतेकांनी सेटिंगमध्ये जाऊन घालवून टाकला. मीही घालवला होता. बघणाऱ्यांना नको असतो तो.

हे सगळं मला ठाऊक होतं. भाजीत मीठ असतं हे ठाऊक असतं, तसं.

अंतिम सामना पालवणे विरुद्ध पलीकडच्या किनाऱ्याचा संघ. मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती आणि जो तो फोन वर धरून उभा, त्यामुळे नेटचा पार चुथडा झालेला. शेवटचा चेंडू. त्यांना तीन धावा हव्यात. फलंदाजाने चेंडू उंच मारला, थेट कल्पेशकडे. बाबी शिवलकर ओरडला, "गेला! घरी गेला!" चेंडू खाली आला, कल्पेशच्या हातात बसला आणि त्याच्या हातातून निसटून, गुडघ्याला लागून, जमिनीवरून घरंगळत दोरीबाहेर गेला.

चौकार. सामना गेला.

पलीकडचे पन्नासेक लोक सोडले, तर बाकी मैदान मुकं. कल्पेश दोरीशी उकिडवा बसला होता, तोंडावर टोपी ओढून.

आणि माझा फोन थडथडायला लागला.

पहिला निरोप प्रणितचा. "काय कॅच घेतला रे कल्प्याने! मेसमध्ये सगळ्यांना गुलाबजाम!" त्याच्या पाठोपाठ दुसरा. "हे काय? चौकार? कॅच घेऊन चौकार? अंपायरला काय दिसत नाही?" मग वाडीच्या ग्रुपवर मुंबई, बहारिन, न्यूझीलंड, सगळीकडून शिव्यांचा पाऊस. कॅच सगळ्यांनी पाहिला होता. कल्पेशने चेंडू आनंदाने हवेत उडवला आणि तो सीमेबाहेर पडला, हेही पाहिलं होतं. अंपायर म्हणजे आमच्याच गावच्या शाळेतले खेळाचे मास्तर. त्यांना लोक परदेशातून फोन करून विचारत होते, किती खाल्ले?

"मी इथे उभा होतो रे!" मास्तर फोनवर ओरडत होते. "उभा होतो इथे!"

"आम्हीपण बघत होतो, मास्तर," तिकडून उत्तर.

मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. कॅमेरा स्वतःपाशी ठेवतो ते खरं असतं. बाहेर जातं ते 'अखंड'चं. कार्डवर चेंडू सुटत होता. लाइव्हच्या रेकॉर्डिंगमध्ये चेंडू हातात राहत होता. मी दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितलं. खूप सुंदर काढला होता तो कॅच. मागे झुकलेलं अंग, दोन्ही हात वर, पायांचा तोल, सगळा कल्पेशच. कल्पेशने त्या स्पर्धेत एकही कॅच सोडला नव्हता. चेंडू कल्पेशकडे जातो, लोक ओरडतात, त्यानंतर बहुतेक वेळा काय होतं?

पोर शांत बसलेली असते. मागे वाटी वाजते. त्यानंतर बहुतेक वेळा काय होतं?

मी टेबलाखाली वाकून बघितलं. जुई जागी होती, माझ्याकडे बघून हसली. मी तोंड तिच्या नजरेआड नेलं आणि टोपलीमागून हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग एवढ्या मोठ्याने, की बाबी शिवलकर म्हणाला, "काय झालं गं? पोर पडलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "पडली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीव्हीचा प्लग काढला.

"आई, आज इथे बसा. जुईसमोर."

"टीव्ही बिघडला काय?"

"बिघडला नाही. बसा तुम्ही."

त्या कुरकुरत चटईवर बसल्या. मी जुईच्या मागे पितळेची परात धरली, ज्यात आमच्याकडे सणाचं पीठ मळतात, आणि लाटण्याने हाणली. भिंतीवरची पाल पळाली. अंगणातला कुत्रा भुंकला. आई दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो, फोडतेस काय!"

जुई आजीच्या बांगड्यांकडे बघत होती.

आई हात खाली घ्यायच्या विसरल्या. मग त्यांनी माझ्याकडून परात ओढून घेतली, स्वतः मागे गेल्या आणि स्वतः वाजवली. मग परात ठेवून दिली आणि हाक मारली. "जुये. ए जुये. माझ्या बाय." त्या पुढे येऊन तिच्यासमोर बसल्या तेव्हा कुठे जुईने त्यांना पाहिलं आणि आनंदाने हात झाडले.

"मी रोज बघत होते गो," आई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी."

"मीपण."

"मग आता?"

"आता रत्नागिरीला जायचं. कानांच्या तपासणीला."

"प्रणित काय म्हणतो?"

प्रणित काय म्हणतो, हीच भीती होती. जायला मी एकटीही गेले असते. पण तपासणी म्हणजे पुढे यंत्रं, कदाचित ऑपरेशन, वर्षानुवर्षांची शिकवणी. त्यात तिचा बाप मला वेडी समजत असेल तर ते ओझं मी कुठवर नेणार होते?

संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा ताठ होत गेला.

"क्रिकेट वेगळं, समू. तिथे हजार माणसं, नेट जाम. घरी काय आहे? मी महिनोन् महिने बघतोय तिला. माझी मुलगी वळते."

"ती शांत बसली की पाठवण्यासारखं काही नाही म्हणून फोन आकडेच कमी पाठवतो. घरी तर जास्तच अंदाज असतात."

"म्हणजे मी माझ्या मुलीला बघितलंच नाही, असं म्हणायचंय तुला?"

मी जुईच्या मागची उशी सरळ केली.

"आणि कॅचचं म्हणशील," तो पुढे म्हणाला, "तर तुझ्या कार्डमध्येही गडबड असू शकते. मी पाहिलाय तो. बोटं कशी मिटली तेसुद्धा."

कल्पेश दारात उभा होता. हरल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. अर्धा गाव त्याला पाण्यात बघत होता आणि बाहेरचं सगळं जग त्याचा सत्कार करायला निघालं होतं. अंपायरविरुद्ध तक्रारीच्या कागदावर त्याची सही घ्यायला लोक मागे लागले होते. मी त्याला बोलावलं नव्हतं, आईंनी बोलावलं होतं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"दादा."

"कल्प्या! अरे काय कॅच..."

"दादा, सुटला रे."

"काय?"

"सुटला. माझ्या हातातून. मला माहितीय ना, माझेच हात आहेत."

"मी पाहिला, कल्पेश."

"तू पाहिलास तो मी घेतला असता तर बरं झालं असतं." तो हसायला गेला, जमलं नाही. "सगळे म्हणतायत घेतला. काल घरी बसून ते रेकॉर्डिंग मी इतकं पाहिलं, की मलाच वाटायला लागलं घेतला म्हणून. मग अंगठा दुखला. चेंडू लागलाय इथे, सुजलाय. हे बघ." त्याने अंगठा फोनसमोर धरला, मग स्वतःच खाली घेतला. "जाऊ दे, तुला तो सुजलेला दिसेल का नाय कुणास ठाऊक. वहिनी खरं सांगतेय, दादा. पोरीला नको त्या यंत्रावर सोडू."

पडद्यावर प्रणित शांतपणे ऐकताना दिसत होता, मान हलवताना दिसत होता. तो खरंच मान हलवत होता का, मला माहीत नाही. इंजिनाची घरघर तेवढी येत होती.

मग तो म्हणाला, "उद्याच जा."

रत्नागिरीच्या केंद्रात कानाची तपासणी करणारी मुलगी माझ्याच वयाची होती, फरीन मुकादम. तिने जुईला झोपवून डोक्याला तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडले आणि मेंदू त्यांना उत्तर देतो का ते पाहिलं. यात कुणाला वळायचं नसतं, कुणाला वळलेलं बघायचं नसतं.

दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

"थोडं आधी आला असतात तर बरं होतं," फरीन म्हणाली, "पण उशीर झालेला नाही. आधी मशिनं लावू. पुरली नाहीत तर वर्षाची झाल्यावर ऑपरेशनचा विचार करू." मग तारा गुंडाळत म्हणाली, "फोनवर सगळ्यांना वळताना दिसली ना? या वर्षात तुम्ही पहिल्या नाही. मी आता टाळी वाजवून बघा असं कुणाला सांगतच नाही, घेऊनच या म्हणते."

आई बाहेर बाकावर जुईला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी जाऊन सांगितलं. त्यांनी जुईच्या टोपड्याचा बंद सोडला आणि परत बांधला.

कानांचे साचे घेतले, मशिनं तयार व्हायला काही दिवस गेले. त्या दिवसांत प्रणित रोज बोलायचा, पण कमी. एकदा म्हणाला, "बारशाला दचकली होती, ते?"

"ताईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, झोपली होती, हललीसुद्धा नाही. त्यांना वाटलं, आपण हळू कुर्र केलं."

"मग बोलली का नाही?"

"सगळे म्हणाले ना, दचकली."

मशिनं लावायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, "मला बघता येईल?"

मी हाच प्रश्न टाळत होते. "प्रणित, बाळाला पहिल्यांदा ऐकू येतानाचे व्हिडिओ तू पाहिलेयस ना? मशीन लावतात, बाळ दचकतं, मग आईकडे बघून हसतं, आई रडते. 'अखंड'ने असे हजारो पाहिलेत. ती खोली जाड भिंतींची आहे, आत नेट कसंबसं येतं. तुला जुई हसताना दिसेल. छान हसेल. आणि ती जुई नसेल."

मला वाटलं, रागावला. बायको-मुलीपासून सात समुद्रांवर असलेल्या माणसाच्या हातातून एवढंही काढून घ्यायचं?

"त्यात एक सेटिंग आहे," तो म्हणाला. "अंदाज दाखवू नका, फक्त आलेलं दाखवा. काल शोधलं मी. लावून बघितलं."

"मग?"

"मग काय, काळोख. मधेच एखादं चित्र येतं, तुकड्यातुकड्यांचं. काल जेवताना जुईचा एक कान आणि अर्धा गाल दिसला तेवढा. केवढी झालीय गं ती. मला रोज दिसायची ती वेगळीच होती."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत आम्ही तिघी आणि फरीन. दार लावलं की बाहेरचं जग कापून टाकल्यासारखी शांतता. जुई माझ्या मांडीवर, तोंडात रबराची कडी. फरीनने एकेक करून दोन्ही मशिनं कानांमागे बसवली, साचे कानात नीट दाबले. जुईने मान झटकली, पण कडी सोडली नाही. फोन मी टेबलावर उभा केला होता. आमच्या बाजूला प्रणितचं चित्रसुद्धा नव्हतं. मीही ते सेटिंग बदललं होतं.

"प्रणित, ऐकू येतंय?"

"येतंय. दिसत काही नाही. समोर नुसतं काळं."

"चालू करतेय," फरीन म्हणाली. "एकाच माणसाने बोलायचं. नेहमीच्या आवाजात."

आईंनी माझ्याकडे बघितलं. सात महिने मी या पोरीला अंगाई म्हटली होती, ओरडले होते, पाढे म्हणत मालिश केली होती. आता मी फक्त तिचं नाव घेतलं.

"जुई," मी म्हटलं.

"काय झालं?" प्रणित फोनमधून कुजबुजला.

"थांबली."

"वळली?"

"नाही."

"हसली?"

"नाही रे. कडी चोखायची थांबलीय. माझ्याकडे बघत नाहीये. कुठेच बघत नाहीये. कपाळाला आठी पडलीय, तुला पडते तशी."

"मग? समू, बोलत राहा. मला काही दिसत नाही."

"कडी पडली तोंडातून. ओठ काढलाय. रडणार आता."

ती रडली. मोठ्याने, नेहमीसारखी. आणि मधेच गपकन थांबली. तोंड उघडंच, डोळ्यांत पाणी, श्वास रोखलेला. मग तिने परत एक छोटा हुंकार काढला, रडण्याचा नव्हे, नुसताच काढून बघितल्यासारखा. आणि परत थांबली.

मी सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच फोनमधून, त्या काळोखातून, प्रणितचा आवाज आला.

"स्वतःचं ऐकतेय ना ती?"

"हो," मी म्हटलं.

आईंनी पदर तोंडाशी धरला. जुईने पुन्हा हुंकार दिला, जरा मोठा. आमच्यापैकी कुणी तिला गप्प केलं नाही.